वाट अडवणारी गाठ

मेंदूत गाठ आहे असे तपासणीच्या अहवालात आले की घरातल्या माणसांच्या मनात पहिला विचार कर्करोगाचा येतो, आणि डॉक्टरांनी ‘गाठ साधी आहे’ असे सांगताच तीच माणसे तितक्याच घाईने निर्धास्त होतात. भीती आणि निर्धास्तपणा, दोन्हींत गफलत आहे. गाठ साधी ठरते ती तिच्या पेशींच्या स्वभावावरून, म्हणजे त्या पेशी शेजारच्या ऊतींत घुसत नाहीत आणि रक्तावाटे शरीरात इतरत्र पसरत नाहीत म्हणून. परंतु कवटीच्या बंद पोकळीत गाठीच्या स्वभावाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व तिच्या जागेला असते. जेमतेम एक-दीड सेंटीमीटर व्यासाची, पातळ आवरणाची आणि आत चिकट द्राव भरलेली पुटी शरीरात इतरत्र असती तर जन्मभर कोणाच्या लक्षातही आली नसती. तीच मेंदूच्या मध्यावर, एका अरुंद वाटेच्या तोंडाशी वाढली तर धडधाकट माणसाचा जीव काही तासांत धोक्यात येऊ शकतो. या पुटीला वैद्यकात कोलॉइड सिस्ट म्हणतात.

ही वाट कोणती, हे समजण्यासाठी मेंदूतल्या पाण्याची व्यवस्था पाहावी लागते. मेंदूच्या आत एकमेकींना जोडलेल्या चार पोकळ्या असून त्यांना निलय म्हणतात. निलयांमधील रक्तवाहिन्यांच्या जाळ्यांतून, ज्यांना कोरॉइड प्लेक्सस असे नाव आहे, पाण्यासारखा स्वच्छ द्रव सतत पाझरत असतो. हाच मस्तिष्कमेरुद्रव होय. प्रौढ माणसाच्या शरीरात कोणत्याही क्षणी तो सुमारे १५० मिलिलिटर असतो, मात्र दिवसभरात तयार होतो सुमारे ५०० मिलिलिटर, याचा अर्थ तो दिवसातून तीन-चार वेळा पूर्ण बदलला जातो. डावीकडच्या आणि उजवीकडच्या मोठ्या निलयांतून तो दोन छोट्या छिद्रांवाटे मधल्या, म्हणजे तिसऱ्या निलयात उतरतो, तेथून एका बारीक नळीतून चौथ्या निलयात जातो, मग मेंदूच्या व मणक्यातील मज्जारज्जूच्या बाहेरून फिरून अखेरीस शिरांमधील रक्तात शोषला जातो. नीरा डावा कालवा ज्यांच्या बांधाजवळून जातो त्या बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्यांना पुढची गोष्ट फोड करून सांगण्याची गरज नाही: वरून पाणी सुटलेले असताना चारीच्या तोंडाशी अडथळा आला तर पाणी मागे तुंबते आणि भरावावर दाब येतो. फरक एवढाच की कालव्याचे आवर्तन बंद करता येते आणि मेंदूतल्या द्रवाचे पाझरणे थांबवता येत नाही.

वर सांगितलेली दोन छिद्रे एडिंबरोचे शरीररचनाशास्त्रज्ञ अलेक्झांडर मन्रो यांच्या नावाने ओळखली जातात. मन्रो यांनी १७८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या छिद्रांचे वर्णन आहे, आणि कवटी हाडाची व न ताणणारी असल्यामुळे तिच्या आत एका गोष्टीचे आकारमान वाढले तर दुसऱ्या कशाला तरी जागा सोडावी लागते, हे तत्त्वही त्यांचेच. कोलॉइड सिस्टमुळे या दोन्ही गोष्टी एकाच रुग्णात एकत्र येतात. ही पुटी तिसऱ्या निलयाच्या छताला, नेमकी त्या दोन छिद्रांच्या मागे लटकलेली असते; ती पुरेशी मोठी झाली की दोन्ही छिद्रे एकदम बुजतात, वरच्या निलयांत द्रव साठतो आणि फुगणारी निलये भोवतालच्या मेंदूला कवटीवर दाबू लागतात. या साठण्याला जलशीर्ष म्हणतात. बोलीत ‘डोक्यात पाणी झालंय’ असे जे म्हटले जाते ते हेच. तान्ह्या मुलाच्या कवटीचे सांधे जुळलेले नसल्याने त्याचे डोके मोठे होते आणि आईच्या ते नजरेत भरते. मोठ्या माणसाचे डोके वाढत नाही, आतला दाब वाढतो.

कोलॉइड सिस्ट जन्मापूर्वीच्या जडणघडणीत मागे राहिलेल्या काही पेशींपासून बनते असे मानले जाते आणि तिचा त्रास बहुधा विशी ते पन्नाशीच्या दरम्यान सुरू होतो. खाणेपिणे, व्यसन, डोक्याला पूर्वी लागलेला मार यांपैकी कशानेही ती होत नाही, त्यामुळे ‘आमचं काय चुकलं’ या प्रश्नाला येथे जागा नाही. आजार दुर्मीळ आहे. दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे तीन रुग्ण असा अंदाज दिला जातो. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार मिळून आठ लाखांच्या आसपास होती, तेव्हा या हिशेबाने दोन्ही तालुक्यांत मिळून वर्षाला दोन-तीन रुग्ण निघावेत. खेड्यातल्या एखाद्या डॉक्टरला सबंध कारकिर्दीत असा एकही रुग्ण दिसला नाही तर नवल नाही, आणि निदान चुकण्याचे मूळही याच दुर्मीळपणात आहे.

कारण लक्षणे अगदी रोजची असतात. डोके दुखते, सकाळी उठल्यावर जास्त दुखते, उलटी होते आणि उलटीनंतर थोडे बरे वाटते. एवढ्यावरून घरोघरी निघणारा निष्कर्ष ठरलेला आहे: पित्त खवळले. मग कोकमाचे सरबत, मेडिकलमधून आणलेली गोळी, अर्धशिशीचे औषध, चष्म्याचा नंबर, आणि काही घरांत बाहेरची बाधा, अशा पायऱ्या चढत महिने जातात. या सर्व काळात निरखून पाहिले तर काही खुणा वेगळ्या असतात. वाकल्यावर, उसाची मोळी उचलताना किंवा खोकल्यावर दुखणे एकदम चढते, बसल्या किंवा निजल्या स्थितीत बदल केला की ते कधी कधी तितकेच अचानक ओसरते, शुद्ध न हरपता पायांतले बळ जाऊन माणूस मटकन खाली बसतो, डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी येते, चाल अडखळते, नुकत्याच सांगितलेल्या गोष्टी लक्षात राहत नाहीत. पित्ताने विस्मरण होत नाही, हे साधे वाक्य गावोगावच्या दवाखान्यांत लिहून लावण्यासारखे आहे.

येथे एका सोप्या तपासणीचे मोल मोठे आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करणारे थेंब घालून ऑफ्थॅल्मोस्कोप या हातात मावणाऱ्या उपकरणाने डोळ्याचा पडदा पाहिला, तर मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस जेथून सुरू होते ती गोल चकती सुजलेली दिसू शकते, आणि ही सूज म्हणजे कवटीतील दाब वाढल्याची खूण असते. चष्म्याचा नंबर काढण्यासाठी आलेल्या माणसाचा पडदाही पाहिला गेला तर निदान काही महिने आधी होऊ शकते, आणि त्यासाठी पुणे गाठावे लागत नाही. पुढची पायरी सीटी स्कॅनची. या यंत्राचा जन्मही योगायोगाने अशाच एका रुग्णाशी जोडलेला आहे: गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात ज्या पहिल्या रुग्णाच्या डोक्याची प्रतिमा घेतली, तिच्या मेंदूत पुटीसारखी गाठ दिसली. कोलॉइड सिस्ट सीटीवर बहुधा मेंदूच्या मध्यावर पांढऱ्या गोल ठिपक्यासारखी दिसते आणि तिच्या दोन्ही बाजूंना फुगलेली निलये काळी दिसतात. शस्त्रक्रियेची आखणी करण्यासाठी त्यानंतर एमआरआय काढतात.

निदानाच्या टप्प्यावर एक धोका असा की मेंदूज्वराच्या संशयाने पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढले जाते. वाट वरच्या बाजूला अडलेली असताना खालून द्रव काढला तर दाबाचा तोल बिघडून मेंदू खाली सरकण्याची आणि रुग्ण दगावण्याची भीती असते. म्हणून अशा रुग्णात आधी सीटी, मगच पुढचा विचार. रुग्ण एकाएकी सुस्तावू लागला, हाक मारल्यावर डोळे उघडेनासा झाला, तर दिवसांचा हिशेब तासांवर येतो. तेव्हा डोक्याकडची बाजू उंच ठेवणे, श्वासाची काळजी घेणे आणि दाब तात्पुरता उतरवणारे मॅनिटॉलसारखे औषध शिरेतून देणे ही कामे तालुक्याच्या ठिकाणीही करता येतात. न्यूरोसर्जनकडे पोहोचताच कवटीला छिद्र पाडून दोन्ही बाजूंच्या निलयांत बारीक नळ्या घालून द्रव बाहेर काढतात आणि गाठीचा विचार नंतर करतात.

दिसली की काढली, असा मात्र नियम नाही. अपघातानंतर किंवा दुसऱ्याच कारणाने काढलेल्या स्कॅनमध्ये छोटी कोलॉइड सिस्ट योगायोगाने सापडते, तेव्हा बरेचदा ती नुसती पाहत राहणे पुरते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने १९९९ मध्ये अशा ६८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पहिल्या पाच वर्षांत कोणालाही लक्षणे सुरू झाली नाहीत आणि दहा वर्षांत ती सुरू होण्याचे प्रमाण ८ टक्के निघाले. गाठ एक सेंटीमीटरहून लहान आहे, निलये फुगलेली नाहीत आणि रुग्णाला काही त्रास नाही, अशा वेळी ठरावीक अंतराने एमआरआय काढत राहण्याचा सल्ला देणारे डॉक्टर टाळाटाळ करत नसतात. निलये फुगलेली असतील आणि डोके दुखत असेल तर मात्र थांबण्यात शहाणपण नाही, कारण औषधाने ही गाठ विरघळत नाही.

वियेन्नातील वॉलमन यांनी १८५८ मध्ये या गाठीचे पहिले वर्णन केले. त्यानंतर कित्येक दशके ती फक्त शवविच्छेदनात सापडत असे. जिवंत माणसाच्या डोक्यातून ती यशस्वीपणे काढण्याचे श्रेय अमेरिकेतील वॉल्टर डँडी यांना जाते. निलयांत हवा भरून क्ष-किरणांनी त्यांचा आकार पाहण्याची युक्ती त्यांनी १९१८ मध्ये काढली होती. १९२१ मध्ये त्यांनी ही शस्त्रक्रिया केली आणि तिसऱ्या निलयातील साध्या गाठींवरचा त्यांचा ग्रंथ १९३३ मध्ये आला. सूक्ष्मदर्शक नाही, स्कॅन नाही, अशा काळात डोक्याच्या ऐन मध्यभागी हात घालण्याचे धाडस आज थक्क करते. भारतात मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या शाखेची पायाभरणी डँडींच्या त्या शस्त्रक्रियेनंतर जवळजवळ तीस वर्षांनी झाली: वेल्लोरला १९४९ मध्ये डॉ. जेकब चांडी यांनी आणि मद्रासला १९५० मध्ये डॉ. बी. राममूर्ती यांनी. मेंदूतल्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया आपल्याकडे रुजवणाऱ्यांत मुंबईच्या बॉम्बे हॉस्पिटलमधील डॉ. चंद्रशेखर देवपुजारी यांचे नाव आदराने घेतले जाते.

आज ही गाठ दोन मार्गांनी काढतात. पहिल्या मार्गात कवटीचा छोटा तुकडा उचलून, मेंदूच्या दोन अर्धगोलांमधल्या फटीतून खाली उतरून, त्यांना जोडणाऱ्या तंतूंच्या पट्ट्यात सुमारे दोन सेंटीमीटरची चीर देऊन, सूक्ष्मदर्शकाखाली निलयात शिरतात. दुसरा मार्ग एंडोस्कोपचा, म्हणजे दुर्बिणीचा. रुग्णाला पूर्ण भूल देऊन बहुधा उजव्या बाजूने, केसांच्या आत एक छोटे छिद्र पाडले जाते. उजवी बाजू अशासाठी की बहुतेकांच्या भाषेची केंद्रे डाव्या अर्धगोलात असतात. त्या छिद्रातून बोटापेक्षा बारीक नळी मेंदूतून आत सरकवतात आणि कॅमेरा निलयात पोहोचतो. या ठिकाणी आजारच शस्त्रक्रियेला मदत करतो, कारण द्रव साठून निलय फुगलेले असल्यामुळे आत हालचालीला जागा मिळते; निलये फुगलेली नसतील तर हेच काम कितीतरी अवघड होते.

पडद्यावर जे दिसते ते पाण्याखालचे दृश्य असते. पांढुरक्या भिंती, त्यांवरून येणाऱ्या दोन निळसर शिरा, हेलकावणारा तांबडा कोरॉइड प्लेक्सस. या सगळ्या खुणा जेथे एकत्र येतात तेथे मन्रोचे छिद्र, आणि त्या छिद्रातून डोकावणारी राखाडी-हिरवट, ताणलेली पुटी. कोमट द्रवाची धार चालू ठेवून सर्जन आधी पुटीचे आवरण विजेच्या बारीक टोकाने भाजतात, मग ते कापून आतला ऐवज ओढून घेतात. तो कधी पातळ निघतो आणि मिनिटांत रिकामा होतो, कधी इतका घट्ट असतो की चिमट्याने तुकड्यातुकड्याने काढावा लागतो. अवघड भाग त्यानंतर येतो. रिकामे झालेले आवरण निलयाच्या छतापासून सोडवायचे असते आणि त्या छतावर मेंदूच्या खोल भागाचे रक्त वाहून नेणाऱ्या शिरा असतात; आवरण शिरेला चिकटलेले असेल तर अनुभवी सर्जन ओढाताण न करता तेवढा कण भाजून तसाच सोडतात. त्या कणापासून गाठ पुन्हा वाढण्याची शक्यता राहते. सूक्ष्मदर्शकाच्या मार्गाने गाठ पूर्ण निघण्याचे प्रमाण अधिक, तर दुर्बिणीच्या मार्गाने वेळ, जखम आणि रुग्णालयातला मुक्काम कमी, असा हा हिशेब आहे. ‘दुर्बिणीने म्हणजे सोपे’ ही समजूत खरी नाही, आणि कोणता मार्ग घ्यायचा हे सर्जनच्या हाताला कशाची सवय आहे यावरही ठरते.

मन्रोच्या छिद्राच्या पुढच्या कडेला फॉर्निक्स नावाचा तंतूंचा जुडगा कमानीसारखा वळलेला असतो. जेमतेम काही मिलिमीटर जाडीचा हा जुडगा नवी आठवण साठवण्याच्या यंत्रणेचा भाग आहे. गाठ त्याला महिनोन्महिने दाबत असते, आणि शस्त्रक्रियेत नळीचा धक्का लागला तर तो आणखी दुखावतो. असा रुग्ण घरच्यांना ओळखतो, लग्नातले मानपान सांगतो, जुन्या दुष्काळाच्या गोष्टी बिनचूक सांगतो, मात्र सकाळी काय जेवलो ते दुपारी सांगू शकत नाही. बऱ्याच जणांत हे विस्मरण काही आठवड्यांत ओसरते, काहींत राहते. शस्त्रक्रियेपूर्वीच्या संमतिपत्रावर सही करताना रक्तस्राव, जंतुसंसर्ग, फिट येणे या धोक्यांबरोबर हाही धोका नातेवाइकांनी नीट विचारून घ्यावा, आणि स्मरणशक्ती आधीच कमी झाली होती का, हे डॉक्टरांना न लपवता सांगावे.

वाट अडवणारी प्रत्येक पुटी कोलॉइड नसते. या दोन तालुक्यांच्या संदर्भात आणखी एका गाठीचा उल्लेख करणे भाग आहे, कारण तिचे कारण माळरानावर आहे. बारामती, इंदापूर, फलटण या पट्ट्यातील धनगर मेंढपाळ पावसाळा संपला की मेंढ्या घेऊन कोकणाकडे उतरतात, आणि घोड्यावरच्या बिऱ्हाडाबरोबर राखणीची कुत्रीही चालत असतात. मेंढी आणि कुत्रा यांच्यात एकायनोकॉकस नावाच्या बारीक फितकृमीचे चक्र फिरते: कृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो, त्याची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात, मेंढीच्या पोटात जातात आणि तिच्या यकृतात व फुप्फुसांत पाण्याने भरलेल्या पुट्या होतात, जत्रेत मेंढा कापल्यावर तो भाग कुत्र्यापुढे टाकला की चक्र पूर्ण होते. हीच अंडी हातांवाटे माणसाच्या पोटात गेली तर माणसालाही पुट्या होतात. बहुतेक यकृतात किंवा फुप्फुसात होतात. मेंदूत होण्याचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास असून त्यांत मुले अधिक असतात. ही हायडॅटिड पुटी कोलॉइड सिस्टच्या कितीतरी पट, अगदी मोसंबीएवढीही वाढते आणि मेंदूला दाबून निलयांची वाट अडवू शकते.

तिची शस्त्रक्रिया मात्र अगदी उलट रीतीने करावी लागते. कोलॉइड सिस्ट फोडून रिकामी करतात. हायडॅटिड पुटी फुटता कामा नये, कारण आतला द्रव सांडला तर तीव्र ॲलर्जीने रक्तदाब कोसळू शकतो आणि द्रवातल्या सूक्ष्म अंकुरांपासून नव्या पुट्या होतात. अर्जेंटिनाचे डाउलिंग यांनी १९२९ मध्ये यावर जो उपाय सांगितला तो आजही वापरात आहे: मेंदूवर पुटीच्या व्यासाएवढी वाट करून, रुग्णाचे डोके खाली झुकवून, मऊ रबरी नळीने पुटी आणि मेंदू यांच्यामध्ये हळूहळू सलाइन सोडतात, आणि ते पाणी पुटीला भोवतालच्या मेंदूपासून अलगद सोडवून आपल्या वजनाने बाहेर घरंगळू देते. चिमटा लावायचा नाही, ओढायचे नाही. ज्या देशांनी ही पद्धत घडवली ते अर्जेंटिना आणि उरुग्वे मेंढ्यांचेच देश. प्रतिबंध मात्र शस्त्रक्रियेपेक्षा फार स्वस्त आहे: कुत्र्यांना पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमित जंताचे औषध देणे, कापलेल्या जनावराची पुटी असलेली फुप्फुसे व काळीज पुरून किंवा जाळून टाकणे, आणि कुत्र्याला हात लावल्यावर साबणाने हात धुणे.

गाठ काढूनही द्रवाचा प्रवाह पूर्ववत झाला नाही, किंवा गाठ काढणेच शक्य नसले, तर शंट बसवतात. ही कातडीखालून जाणारी बारीक नळी निलयातला जादा द्रव पोटाच्या पोकळीत सोडते. तिच्यातली झडप आधुनिक रूपात १९५६ मध्ये फिलाडेल्फियाजवळच्या जॉन होल्टर या यंत्रकारागिराने घडवली, त्याच्या स्वतःच्या मुलाला जलशीर्ष झाले होते म्हणून. परदेशी शंट सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा. लखनौचे न्यूरोसर्जन डॉ. डी. के. छाब्रा यांनी आखलेला आणि उत्तर प्रदेशातील शहाजहानपूर येथे तयार होणारा स्वस्त शंट आला आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या मुलांचे प्राण वाचले. शंट कायमचा सोबती असतो: तो तुंबू शकतो, त्यात जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि तसे झाले की जुनी डोकेदुखी व उलटी परत येते.

राहिला प्रश्न अंतराचा आणि पैशाचा. बारामतीपासून पुणे सुमारे १०० किलोमीटर, इंदापूरपासून सोलापूर महामार्गाने सुमारे १४०. बावडा किंवा भिगवणच्या आतल्या वाडीतून आधी त्या महामार्गापर्यंत यावे लागते. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय चालू आहे, त्याला आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून धावते. मेंदूच्या शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मोडतात. २०१२ मध्ये दुसऱ्या नावाने सुरू झालेल्या या योजनेचे संरक्षण पूर्वी कुटुंबामागे दीड लाख रुपये होते, ते आता पाच लाखांपर्यंत नेले आहे. रुग्णालय योजनेत अंगीकृत आहे का, आणि नेमकी ही शस्त्रक्रिया तेथे योजनेतून होते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्यापूर्वी विचारावे; शिधापत्रिका व आधार घरी राहिल्यामुळे दोन दिवस वाया जाणे ही नित्याची गोष्ट आहे. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा सवलतीच्या दरात ठेवण्याचे बंधन आहे, ते निराळेच.

शस्त्रक्रियेनंतर बहुतेक रुग्ण आठवड्याभरात घरी जातात; टाके निघतात, डोकेदुखी गेलेली असते, आणि ऊस तुटायच्या किंवा डाळिंबाचा बहार धरायच्या दिवसांत पुन्हा पुण्याला जाणे कोणाला नको वाटते. पहिला एमआरआय साधारण तीन महिन्यांनी आणि पुढे काही वर्षे ठरावीक अंतराने काढायचा असतो, कारण छतावर सोडलेला कण वाढतो आहे की नाही हे लक्षणांवरून वेळेत कळत नाही. नवी प्रतिमा जुन्या प्रतिमेशेजारी ठेवून पाहिली तरच एक-दोन मिलिमीटरचा फरक दिसतो, म्हणून पहिल्या स्कॅनची सीडी आणि सुटीच्या वेळचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शिधापत्रिकेजवळ ठेवावा.